कादंबरीला लागलेली कसर

परवा आमची कादंबरी तिसऱ्यांदा फिरून घरी आली. प्लेगमुळे दोन महिने गावाबाहेर माळावर झोपडीत काढून आम्ही नुकतेच परतलो होतो... भिंतींना ओला चुना, सामान अजून गाठोड्यात, आणि सोमवारी शाळा उघडायची. त्यात पोस्टमन पार्सल घेऊन दारात उभा.

खरं सांगतो, आनंद वगैरे काही झाला नाही. आता हे परत शिवा, परत बांधा, परत पोस्टात जा... एवढंच मनात आलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही कादंबरी मी कोल्हापुरातून एडनला पाठवतो. तिथं गणपत, माझा शाळेतला मित्र, तारऑफिसात कारकून आहे. त्याची वाचून झाली की तो ती मोंबाशाला दत्तूकडे धाडतो, आणि दत्तू मला परत. परमुलखात मराठी पुस्तक मिळत नाही, म्हणून तीच कादंबरी पुन्हा पुन्हा.

नियम माझाच, गणपतनं दत्तूलाही कळवलेला. बुक-पोस्टात चिठ्ठी चालत नाही, तेव्हा आत चिठ्ठी घालायची नाही आणि पानांना पेन्सिलही लावायची नाही. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

दत्तू हा माझा धाकटा भाऊ. आफ्रिकेतल्या रेल्वेत नोकरी धरून तो निघाला, तेव्हा आईला टाकून चाललास म्हणून मी दारातच त्याला नाही नाही ते बोललो. गेलास तर या घराला पत्र टाकू नकोस, असंही बोलून गेलो. त्यानं ते पाळलं... चार वर्षं पाळलं.

गणपतला यातलं काहीच माहीत नाही. आम्हा भावांची पत्रं चालू असतील असंच तो धरून चालतो. आणि मी थोरला, मी आधी का लिहायचं? म्हणून पुस्तक पाठवत राहिलो. वेष्टनावर दत्तूच्या हातचा पत्ता दिसला की तो आहे, एवढं कळायचं. आई त्या पत्त्यावरून हात फिरवायची आणि आत काही आहे का म्हणून विचारायची. नाही म्हटलं की उठून चुलीकडे जायची.

तर परवा पुस्तक उघडलं आणि डोकंच फिरलं. मागच्या फेरीला एका पानावर बारीक बारीक भोकं दिसली होती. कसर लागली म्हणून मी ते उन्हात ठेवलं, कडुलिंबाचा पाला घातला, खळ लावून त्या भोकांवर पातळ कागद डकवला आणि पुढे पाठवून दिलं. आता दुसऱ्याच पानावर पुन्हा भोकं. म्हटलं, बास झालं. एकदा नीट बांधून घ्यायचं आणि कपाटात टाकायचं. दमलो मी या फिरवाफिरवीला.

गल्लीच्या तोंडाशी इब्राहिमभाईंचं बायंडिंगचं दुकान आहे. त्यांच्या घरातलंही एक माणूस साथीत गेलं, तरी दुकान उघडून बसले होते. मी पुस्तक पुढ्यात टाकलं आणि कसरीच्या नावानं खडे फोडले. त्यांनी ते पान उजेडात धरलं, मागची-पुढची पानं चाळली आणि पुस्तक माझ्याकडे वळवलं.

"मास्तर, ही कसर न्हाय. कसर आरपार जाती की. ही भोकं एकाच पानाला हायत, अन् नेमकी अक्षरांखाली. कुणीतरी सुईनं पाडल्यात."

मी एकेक अक्षर वाचत गेलो. आई... आहे... का.

इब्राहिमभाईंनी न सांगता मागच्या फेरीचं पान काढलं, ओल्या फडक्यानं खळ भिजवली आणि माझा कागद अलगद सोडवला. तिथे होतं... आई बरी आहे का.

कोल्हापुरातल्या प्लेगची बातमी तिकडे पोहोचली असणार. पत्र टाकायचं नाही, चिठ्ठी घालायची नाही, पेन्सिल लावायची नाही... माझा एकही शब्द न मोडता दत्तूनं विचारलं होतं. आणि मी त्याच्या प्रश्नावर कागद चिकटवून तोच त्याला परत पाठवला. त्याला काय वाटलं असेल? दुसऱ्या वेळी 'बरी' हा शब्द त्यानं का गाळला, ते कळायला मास्तर व्हावं लागत नाही.

इब्राहिमभाईंनी पैसे घेतले नाहीत. आधी उत्तर धाडा, बांधणी मागनं बघू, असं म्हणून पुस्तक माझ्या हातात दिलं.

घरी आलो तेव्हा आई परड्यात वाकळा उन्हाला टाकत होती. तिला सगळं सांगितलं, लपवण्यासारखं उरलंच काय होतं. तिनं ते पान हातात घेतलं, भोकांवर बोट ठेवलं. रडली नाही. मला वाटलं होतं, रडेल.

मी आत जाऊन सुई शोधून आणली. पुस्तकात 'आहे' हा शब्द कुठे सापडतो ते बघत पानं उलटायला लागलो. आई माझ्याकडे बघत राहिली.

"सुई कशाला?" ती म्हणाली. "तुला लिवाय येतंय की."

मी खाली मान घालून दौत घेतली. चिरंजीव दत्तू यास अनेक आशीर्वाद. आई सुखरूप आहे आणि तुझी वाट बघते. त्या दिवशी चुकलो ते मी, तू पत्र लिहीत जा.

पत्र थेट मोंबाशाच्या पत्त्यावर टाकून आलो. ते पोहोचेपर्यंत तो बिचारा काय काय समजून बसेल, या विचारानं रात्रीचा डोळा लागत नाही. इब्राहिमभाईंचे उपकार आहेत, दुसरं काय म्हणू... तीन ओळींचं काम होतं, मंडळी. त्या लिहायच्या टाळून मी अख्खी कादंबरी फिरवत बसलो.