मुराळ्याची लाल गाडी

अनसिंगच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या आपल्या मळ्यात धनराजने लाल गाडी आणून उभी केली, तेव्हा सगळ्यात आधी पुंजाजी हजर झाले. पुंजाजी शेजारच्या मळ्यातले, वयाने वडील. दुसऱ्याच्या घरी नवी वस्तू आली की धुतलेले हात न पुसताच निघणारे. त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. ती इतक्या लवकर संपली की त्यांनी खात्रीसाठी आणखी एक घातली.

"धनराज," ते म्हणाले, "बाकीची अर्धी उद्या येऊन राह्यली काय?"

गाडीला दारं दोन, सीटा दोन, आणि छत म्हणजे मागे गुंडाळून ठेवायचं एक काळं कापड. सीटांच्या पाठीमागे कोथिंबिरीच्या चार जुड्या मावतील एवढी जागा, तीही जुड्या समजूतदार असल्या तर. गाडी जमिनीला इतकी धरून की आत बसलं म्हणजे रस्त्याने जाणारी कोंबडीसुद्धा आपल्याकडे बरोबरीच्या नात्याने पाहते.

"बसाचं कसं हिच्यात?"

"बसाचं नाही काका, घालाची. पायजम्यावानी. आधी एक पाय, मंग दुसरा."

पुंजाजी पोट धरून हसले. दारात मेथी निवडत बसलेली प्रयागबाई मात्र हसली नाही. ती धनराजची बायको. नवऱ्याच्या विनोदांना तिने आजवर कधी उपाशी ठेवलं नव्हतं. आज तिने सुपातली मेथी बाजूला सारली आणि एकच विचारलं.

"रुचीले आणाचं कशात?"

"येते कोण?" धनराज म्हणाला, आणि गाडीवरची नसलेली धूळ पुसू लागला.

रुची म्हणजे रुचिका, त्यांची एकुलती एक लेक. तिचं सासर धनजला, कारंज्याच्याही पलीकडे. म्हणजे जिल्ह्याच्या ह्या टोकाला माहेर आणि त्या टोकाला सासर. सोयरीक ठरली तेव्हा प्रयागबाईने अंतर ऐकून डोळ्याला पदर लावला होता. धनराज म्हणाला होता, "दूर कायचं वं? गाडीत डोळा लागला की धनज!" आणि बोलल्याप्रमाणे त्याने खरोखरच डोळा लागेल अशी गाडी घेतली. पांढरी, लांबलचक, सात जणांनी पाय पसरून बसावं अशी. आत थंडगार हवा, गुबगुबीत सीटा. पुंजाजी तिला चालती ओसरी म्हणायचे. गावातल्या बायका तिच्यात बसताना चपला बाहेर काढायच्या, मग आठवण झाली की पुन्हा उतरून उचलून घ्यायच्या. अकोल्याच्या दवाखान्यात नेलेले एक आजोबा तर परत येताना म्हणाले होते, "बापू, थोडा फेरा घालून चाल, माही झोप अर्धीच झाली."

पण गाडी खरी होती ती रुचिकासाठी. सासरी असलेल्या लेकीला सणाला माहेरी आणायला जो जातो, त्याला मुराळी म्हणतात. हे काम भावाचं. रुचिकाला भाऊ नव्हता, म्हणून बाप मुराळी झाला. लेकीने आपल्या आपण पिशवी उचलून यायचं नसतं. तसं आली तर दोन्ही गावं विचारतात, काहून व बाई, आणाले कोणी आलं नाही? मुराळी दारात उभा राहिला पाहिजे, त्याने चार घास खाल्ले पाहिजेत, सासूने ओटी भरली पाहिजे, मग लेक निघते. धनराज दर दिवाळीला आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जायचा. नातवंडं झाली तशी गाडीत उशी आली, प्रयागबाईच्या जुन्या लुगड्याचं मऊ दुपटं आलं. आरसा तो असा फिरवून ठेवायचा की मागचा रस्ता नाही दिसला तरी चालेल, मागची सीट दिसली पाहिजे. रुचिका पाय वर घेऊन बसायची, आसेगावच्या फाट्यापर्यंत न थांबता बोलायची, आणि बोलता बोलता झोपायची.

हाच धनराज तरुणपणी पहाटेचा भाजीचा टेम्पो हाकायचा. मेथी मान टाकायच्या आत मंडईत पोचायचं, म्हणून वाटेतल्या सगळ्यांना मागे टाकत जायचा. गाडी चालवणं त्याच्या हातापायांत होतं. पण लेक मागे झोपली की तो बैलगाडीच्या वेगाने जायचा, आणि सायकलवाले त्याला मागे टाकून वळून बघायचे.

मागच्या दिवाळीला बिघडलं. जावई प्रज्वल हा साधा, कमी बोलणारा माणूस. धनजला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान आहे. सासऱ्यांना सोडायला येण्याचा त्रास नको म्हणून तो आपणच फटफटी घेऊन बायकोला न्यायला आला. अंगणात पाहुणे जमलेले, फराळाची ताटं फिरत होती. धनराजला चेव चढला.

"जवाईबापू, माही लेक फटफटीवर धूळ खात जाणार नाही! मी सोडून देतो थंड हवेत. तुमी या मांगून."

सगळे हसले. प्रज्वलही हसला, आणि खरंच मागून आला. जिल्ह्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या गाडीने उडवलेली धूळ खात आला. रुचिका त्या दिवशी बोलली नाही, झोपलीही नाही. मागच्या काचेतून बघत राहिली. धनजला उतरली आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या वक्ती मले आणाले येऊ नका."

धनराजला वाटलं, राग आहे, उतरेल. अखाजीला त्याने फोन केला. "नाही जमत," ती म्हणाली. त्यानंतर त्याने फोन उचलला की तिकडून एवढंच यायचं, "आईले द्या." तो द्यायचा, आणि आई काय बोलते ते भिंतीकडे बघत ऐकायचा.

आणि ती ओसरी रिकामी झाली. वाशीमला बियाणं आणायला जायचं तरी सहा रिकाम्या सीटा बरोबर घेऊन जायचं. आरसा तसाच मागच्या सीटेवर लावलेला. हात जायचा, पण फिरवायचा नाही. एवढ्या आरामाच्या गाडीत चालवणाऱ्याला काम काहीच नसतं. विचार करत बसायला पुष्कळ जागा असते.

त्यात कारंज्याचा शाहिद भेटला. शाहिदचं कापडाचं दुकान, धनराजची जुनी ओळख. ही लाल गाडी शाहिदने लग्नाआधी हौसेने घेतली होती, आणि आता त्याची बायको फरहा हिला जुळं झालं होतं.

"धनराजभाऊ, फरहा विचारते, एक बच्चा मी मांडीवर घेईन, दुसरा काय बोनेटवर बांधता?" शाहिद कपाळाला हात लावून म्हणाला. "मी म्हटलं, थोडे दिन ठहर. तर म्हणते, पोरं ठहरली होती काय?"

अदलाबदल झाली. दोघांनाही मनातून वाटत होतं, आपण समोरच्याला फसवलं. शाहिदने पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडलं, फरहा दोन्ही पोरं घेऊन आत बसली, दुपटी आली, झबली आली, बाटल्या आल्या, आणि बघता बघता मागची सीट भरून गेली. धनराजने तोंड फिरवलं आणि लाल गाडीत पाय घातला.

लाल गाडीचा स्वभाव वेगळाच. चाक वळवायचं तर खांद्यातून जोर लावा. क्लच दाबायचा तर मांडी भरून येते. रस्त्यातला एकेक खडा ती बुडाला कळवते. लाड नाहीत, थंड हवा नाही, मागे कोणी झोपेल म्हणून जपणं नाही. मंगरूळपीरच्या रस्त्यावर पहिल्याच वळणाला तिने अशी काही झेप घेतली की धनराज एकटाच मोठ्याने हसला. टेम्पोचे दिवस गेल्यापासून तो गाडीत असा हसला नव्हता. त्या गाडीत दुःख करायला सवडच नव्हती. त्यासाठीच त्याने ती घेतली होती, हे प्रयागबाईला कळलं होतं. त्याला कळायला वेळ लागला.

मग एकदा सोयाबीनच्या हंगामात एक ट्रक त्याच्यापुढे लागला. छत मागे गुंडाळलेलं. डोळ्यांत धूळ, दातांत धूळ, नाकात धूळ. ट्रक बाजूला होईना. चालता चालता धनराजच्या मनात आलं की जवाई असाच आला होता. आपल्या मागून, एवढा सगळा रस्ता. त्याने गाडी कडुनिंबाखाली घेतली आणि चूळ भरली.

"धूळ लय कडू असते वं," घरी आल्यावर तो म्हणाला.

"तुमाले आज समजलं?" प्रयागबाई म्हणाली. पण पाण्याचा तांब्या तिने भरूनच आणला.

दिवाळी आली. धनराजने मनाचा हिय्या करून जावयाला फोन लावला. "जवाईबापू, उद्या येतो मी. तुमच्याशी बोलाचं आहे." त्याला फक्त माफी मागायची होती. वर्षभर लेकीचा विचार केला. पहिल्यांदाच त्याच्या डोक्यात फक्त जावई होता. त्या भरात तो एक गोष्ट साफ विसरला. दिवाळीच्या आठवड्यात लेकीच्या दारात जाणारा बाप हा मुराळीच असतो. त्याला दुसरं काही होता येत नाही.

धनजला त्याने वळण घेतलं तेव्हा रुचिका ओट्यावर उभी होती. नवी साडी, कपाळाला ताजं कुंकू. सासूने, बेबीबाईने, मुराळी येण्याआधीच ओटी भरून ठेवलेली. पदरात नारळ. दोन्ही लेकरं काजळ घालून, बूट घालून बसलेली. पायाशी दोन पिशव्या, तोंड बांधलेल्या. शेजारच्या बायकाही दारात आल्या होत्या.

लाल गाडी घुमत येऊन थांबली. मोठी गाडी गेल्याचं रुचिकाला आईनेही फोनवर सांगितलं नव्हतं. रुचिकाने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या पलीकडे रस्त्याच्या टोकाकडे बघत राहिली. धनराजचे पाय गाडीतून निघेनात.

तो उतरला आणि आधी प्रज्वलपुढे गेला. "जवाईबापू, मांगच्या दिवाळीले मी लय वंगाळ बोललो."

"जाऊ द्या मामाजी. मी तर इसरलो."

"तुमी इसरले असान. मी नाही इसरलो." त्याने हात जोडले. प्रज्वलने ते घाईघाईने धरले आणि खाली घेतले. शेजारच्या बायकांनी तोंडं दुसरीकडे केली.

एवढं नीट झालं. मग सगळे गाडीकडे वळले.

बेबीबाईने कंबरेवर हात ठेवून व्याह्याच्या गाडीचं मोजमाप घेतलं. "इवाई, पोट्टी मांडीवर, लहान्या तिच्या मांडीवर... आन पिशव्या तुमच्या डोक्यावर?" कोणी हसलं नाही.

"मी फटफटीवर घेऊन येतो दोघं लेकरं," प्रज्वल म्हणाला. "रुची मामाजीसंगं बसन. मी येतो मांगून."

"नाही," रुचिका म्हणाली. "एक वक्त आले ना तुमी मांगून. बस झालं ते."

"मी उद्या येतो माय," धनराज घाईने म्हणाला. "वाशीमातून मोठी भाड्याची गाडी आणतो. एसीची."

"मोठी गाडी कधी देली बाबा?"

"श्रावणात."

ती खाली बसली आणि पायाशी ठेवलेल्या पिशवीची गाठ सोडू लागली. गाठ सुटत नव्हती. "मी म्हणलं येऊ नका. लेक रागात म्हणते. अखाजीले मी दिवसभर ह्याच ओट्यावर होती बाबा. मले वाटलं, मी नाही म्हणलं तरी तुमी येसान." गाठ सुटली. "अन तुमी तर माही जागाच काढून टाकली."

"तसं नाही वं रुची..." धनराज म्हणाला. पण तसं नाही तर कसं, ते त्याला सांगता येईना. सहा रिकाम्या सीटांचं दुःख कोणत्या शब्दांत सांगायचं? आरशाचं सांगायचं? 

"भाड्याची नका आणू," ती हळू म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर त्याला धरायला काही मिळालं असतं. "भाड्याची तर कोणीही आणते. राहू द्या यंदा. पुढच्या साली पाहू."

बूट काढताना थोरलीने भोकाड पसरलं, तेव्हा बेबीबाई तिला आत घेऊन गेली. रुचिकाने पिशवीतून आईसाठी जुन्या मऊ फडक्यात बांधलेली शिदोरी काढली: करंज्या, शेव, आणि पुरणाच्या पोळ्या ओल्या फडक्यात. गाडीच्या रिकाम्या सीटेवर तिने ती नीट ठेवली. वळणात घसरेल म्हणून पट्टा ओढून लावला. मग बापाच्या पाया पडली आणि आत गेली.

अनसिंगला पोचेतो दिवेलागण झाली होती. प्रयागबाई फाटकापाशी उभी होती, हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा. माहेरी आलेल्या लेकीवरून उतरवून टाकायचा असतो तो. जावयाची फटफटी मागून येईल, रुची तिच्यावर असेल, अशी काहीतरी तिने मनाशी जुळवाजुळव केली असावी. गाडी थांबली तरी ती रस्त्याकडेच बघत होती.

"मांगून कोणी नाही," धनराज म्हणाला.

मग तिने गाडीत बघितलं. सीटेवर पट्टा लावून बसवलेलं गाठोडं होतं. तिने ते फडकं ओळखलं, तिच्याच जुन्या लुगड्याचं. पट्टा कसा सोडायचा तिला ठाऊक नव्हतं. धनराजने वाकून तो सोडला आणि गाठोडं उचलून तिच्यापुढे धरलं.

प्रयागबाईने ते घेतलं नाही. तिच्या एका हातात तांब्या होता, दुसऱ्या हातात तुकडा, आणि तो कोणावरून उतरवायचा हे तिला कळत नव्हतं.