फोटोतली दासगावकरीण

निवृत्त झाल्यावर लोक चारधाम करतात, मी महाडच्या कॉलेजात माऊस धरायला शिकले. साल २००८. मुंबईच्या एका संग्रहानं जुने फोटो संगणकावर चढवले होते. ज्यांची कुठं नोंद नाही अशा माणसांची माहिती त्याखाली कशी भरायची, ते शिकवायला देवव्रत नावाचा पोरगेला शिक्षक आला होता. "नाव घाला," तो सारखा म्हणे. "नाव नसलं तर कितीही शोधलं तरी माणूस सापडत नाही."

माझ्या वाट्याच्या फोटोत डोक्यावर खडीच्या पाट्या घेतलेल्या तीन बायका होत्या. खाली लिहिलेलं, 'रस्त्याच्या कामावरील स्त्रिया, पोलादपूर'. फोटो काढणाऱ्या साहेबाचं नाव मात्र आडनावासकट! माझा पारा चढला. मधली बाई मी ओळखली. पोलादपूरच्या वरच्या वाडीत मी शिकवायला होते, तेव्हा ही रंगूबाई शाळेत पाणी भरायची.

फोटोची प्रत घेऊन वाडीवर गेले. निम्म्या घरांना कुलपं. रंगूबाईचा मुलगा अनिलही मुंबईला, गणपतीपुरता येणारा. ती ओटीवर एकटीच बसली होती. तिनं फोटो डोळ्यांजवळ धरला.

"ही बिरवाडकरीण, गेली बिचारी. ही मी. आन् ही..." तिनं तिसरीवर बोट ठेवलं. "ही शिवथरकरीण."

"नावं सांगा ना यांची."

"हीच नावं."

इकडं सासरी आलेल्या बाईला माहेरच्या गावावरून हाक मारतात आणि ती जन्माची चिकटते. रंगूबाई हे नाव मला शाळेच्या कागदांमुळं ठाऊक. वाडीला ती दासगावकरीण. शिवथरकरीण तिची जिवाभावाची. एकीची भाकरी दुसरीनं मोडायची. पुढं शिवथरकरीण मुलाकडं मुंबईला गेली आणि खबरच बंद झाली. तिला शोध म्हणून रंगूबाई अनिलच्या मागं लागली, तर तो म्हणाला, "आये, नाव काय तिचं?"

"येवढी वर्सं संगती काडली," रंगूबाई म्हणाली, "नाव इचारलंच नाय कदी." आणि रडायलाच लागली. "गो शिवथरकरणी, कुटं गेलीस गो?" असं त्या फोटोलाच विचारू लागली.

 माझ्याही घरी बोलायला कुणी नाही, पण मला निदान कुणाची वाट बघायची नव्हती. तिचं दुःख माझ्याहून मोठं होतं.

"तुमचं नाव तरी नीट घालते," मी म्हटलं. "रंगूबाई."

तिनं माझा हात धरला. "नको. दासगावकरीण लिवा."

"अहो, पण खरं नाव घातलं की संगणकावर लोकांना सापडाल."

"लोकांचं काय करू मी? उद्या तिचा नातू त्या मशिनीत मला हुडकंल, तर ती त्याला काय नाव सांगंल? तिला तरी माजं नाव कुटं ठाव हाय?"