परक्या पेशींचं बिऱ्हाड

औरंगाबादच्या आमच्या लॅबचे किस्से तिथल्या उंदरांसारखेच. एकाला बाहेर काढावं, तर मागून चार डोकावतात.

काम असं: एका उंदराच्या यकृतातल्या पेशी यकृत बिघडलेल्या दुसऱ्या उंदरात सोडायच्या. पण शरीर परक्या पेशी ओळखतं आणि फस्त करतं. म्हणून त्या पेशी आम्ही शेवाळाच्या जेलच्या मण्यांत बंद करायचो. अन्न आत जावं, मारेकरी बाहेर राहावेत.

एका चतुर्थीला ऑफिसातले क्लार्क आले. मण्यांची बशी बघून म्हणाले, "साबुदाणा जरा जास्तच भिजलाय."

आमच्या गाइड पाटील मॅडम शांतपणे म्हणाल्या, "त्यात उंदराची कलेजी आहे."

क्लार्कनी पुढं आमच्याकडं कधी चहासुद्धा घेतला नाही.

*

सुईतून थेंब थेंब पाडलेले मणी फार मोठे व्हायचे, फुटायचे. माझा थोरला भाऊ चिकलठाण्याला कारखान्यात रंगाचा स्प्रे मारायचा. एका रविवारी लॅबवर आला, तेव्हा त्यानं ते पाहिलं. "थेंब आपसूक पडायची वाट कशाला बघता? हवा मारा की."

त्यानं सुईभोवती हवेची नळी बसवून दिली. मणी खसखशीएवढे पडू लागले. प्रबंधाच्या आभारात मी पहिलं नाव त्याचं घातलं. दादानं ते पान बराच वेळ धरून ठेवलं. मग म्हणाला, "स्पेलिंग चुकलंय."

*

विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात शहरात संचारबंदी लागली. उंदरं सांभाळणारे दगडूमामा बिडकीनकडच्या मेंढपाळाच्या घरातले. भिजवलेले हरभरे घेऊन निघाले, तर चौकात हवालदारानं अडवलं.

"कुठं निघाला?"

"उंदरं उपाशी हायत साहेब."

थट्टा करतोय समजून हवालदार खात्री करायला लॅबपर्यंत आला. मामांची चाहूल लागताच सगळी उंदरं पिंजऱ्याला पाय लावून उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी हवालदारच घरून हरभरे भिजवून घेऊन आला.

*

माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक लॅबमध्येच बसले. म्हणाले, "मणी कधीतरी झिजणारच. मग पेशी वाचतील कशा?"

मी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी माझ्याकडं. मामा पिंजऱ्यातला भुसा बदलत होते.

"साहेब, एक सांगू का? कोकरू मेलेली मेंढी परकं कोकरू पाजत नाय. वास घेती अन् ढुशी मारती. मग आमी मेलेल्याचं कातडं त्याच्या अंगावर बांधतो. मग पाजती."

"आणि कातडं काढल्यावर?"

"तवर तिचं दूध त्याच्या अंगात उतरलेलं असतंय. त्याच्या अंगाला तिचाच वास येतो."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. मग मला उठवलं, माझी खुर्ची मामांकडं सरकवली आणि म्हणाले, "बसा. सावकाश सांगा."