आधी नारळ, मग स्क्रू-ड्रायव्हर

कणकवलीच्या एसटी स्टँडमागे, कोल्ड्रिंकच्या दुकानाच्या माडीवर म्हाराजा बसायचा. टीव्ही न्या, टेप न्या, कॉम्प्युटर न्या, तो आधी हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाने खालून नारळ आणायचा, बिघडलेल्या यंत्रासमोर ठेवायचा आणि हात जोडून उभं राहायचं. मग म्हाराजा लुंगी सावरत उठायचा, डोळे मिटायचा आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घालायचा. प्रत्येक वाक्यानंतर गिऱ्हाइकाने ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. आमच्याकडे देवळात घालतात तसंच गाऱ्हाणं, फक्त देवाच्या जागी व्हीसीआर. त्यावरूनच त्याला हे नाव पडलं. खरं नाव लाइटबिलावर असेल, मी कधी विचारलं नाही.

लोकांना वाटायचं, भाविक माणूस. भाविक कसला! देवळात तो फक्त जत्रेला जायचा, तेही गुळातलं गोड खाजं घ्यायला. गाऱ्हाण्यामागची त्याची अक्कल वेगळीच होती. “डॉक्टराक आणि मेकॅनिकाक कोणय खरा सांगणा नाय,” तो म्हणायचा, “पण नारळासमोर खोटा बोलूची छाती आपल्या माणसाक नाय.”

एका हायस्कुलाचे हेडमास्तर शाळेचा कॉम्प्युटर घेऊन आले होते. “कोणीही हात लावलेला नाही, आपोआप बंद पडला,” असं शुद्ध मराठीत सांगून मोकळे झाले. म्हाराजाने सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा, ह्या मशिनीक कोणी हात लावक नाय, ता आपणच मेला...” “होय म्हाराजा,” हेडमास्तर म्हणाले. “ह्या खरा असात तर तेका उठव रे म्हाराजा.” “होय म्हाराजा.” “आणि खोटा असात तर...” एवढं बोलून म्हाराजा थांबला. थांबला तो थांबलाच. “तर काय?” हेडमास्तरांनी विचारलं. म्हाराजाने डोळे न उघडता सांगितलं, “ता देव ठरवतलो.” हेडमास्तर झटक्यात मालवणीवर आले, “थांब रे बाबा! सोलकढी सांडली हा तेच्यार. माझ्याच हातसून.”

माझी त्याच्याशी गाठ पडली ती लॅपटॉपमुळे, आणि त्या लॅपटॉपची गोष्ट माझ्या बापाच्या होडीपासून सुरू होते. होडी बाप आणि काका दोघांची. कागद काकाच्या नावावर. बाप गेल्यावर होडी माझ्या चुलतभावाकडे, बाबलकडे गेली आणि मी दुसऱ्यांच्या होड्यांवर जाळी ओढायला लागलो. त्यावर मला अजून बोलायला लावू नका, रक्त तापतं. बापाने मला दिलं ते एकच, खुणा. समुद्राच्या तळाशी खडपं असतात, म्हणजे खडक. त्यांच्याभोवती मासळी असते आणि नेम चुकला तर जाळीही फाटते. डोंगराचं अमुक टोक देवळाच्या कळसावर आलं की खाली खडप, अशा त्याच्या खुणा. पुढे मी स्वतःची होडी घेतली, तिचा तांडेल झालो, तेव्हा बापाच्या खुणांत माझ्याही भर पडल्या होत्या. पण किनाऱ्यावर माड वाढले, हॉटेलं उभी राहिली, कळस दिसेना. मी जीपीएस घेतला. त्याची मेमरी भरत आली तेव्हा ठरवलं, सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं.

रेडी बंदरात एका सर्व्हे कंपनीने गाशा गुंडाळला होता. त्यांचा कारकून सामान विकत होता. त्यात हा लॅपटॉप. धातूचं अंग, वर उचलायला मूठ, बाजूच्या भोकांना रबराची झाकणं, वजनाला पाट्या-वरवंट्यासारखा. कारकून म्हणाला, “साहेब, हा खाली पडला तरी फुटत नाही, पाऊस पडला तरी बिघडत नाही.” मी म्हटलं, मग तुमच्या साहेबांनी टाकून का दिला? तिथून जो भाव पाडायला घेतला तो कारकुनाने हात जोडेपर्यंत. मासळीच्या लिलावात वाढलेला माणूस मी. आमच्या मालवणच्या बंदरावर सगळ्यांसमोर तो लॅपटॉप वाळूत आपटून दाखवला. चालू! जीपीएस जोडला, सगळ्या खुणा त्यात उतरवल्या आणि जीपीएसमधल्या पुसून टाकल्या. दोन ठिकाणी ठेवल्या तर दोन ठिकाणांहून चोरीला जातील, हा माझा विचार.

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या फेरीत एक लाट थेट केबिनमध्ये आली. जीपीएसची वायर जोडायला झाकण उघडंच होतं. लॅपटॉप मेला. आता इंजिन समुद्रात बुडालं तर आम्ही काय करतो? आधी गोड्या पाण्याने धुतो, मग डिझेलने. मी तेच केलं. चांगलं मुरवून केलं.

म्हाराजाच्या माडीवर मी नारळासह हजर झालो. जिना चढतानाच त्याने नाक वर केलं होतं. तरी विचारलं, “काय झाला?”

“कायच नाय. आपणच बंद पडलो.”

“बरा,” म्हणून तो उठला. “बा देवा म्हाराजा, हो तांडेल दर्यावरसून इलेलो आसा...”

“होय म्हाराजा.”

“हेचो लॅपटॉप आपणच बंद पडलो, आणि तेका जो डिझेलाचो वास येता तोय आपणच येता...”

जिन्यावर रेडिओ, मिक्सर घेऊन उभी असलेली माणसं माझ्या वतीने ओरडली, “होय म्हाराजा!”

“तर हेच्या मनात आजून काय आसात ता तोंडार हाड रे म्हाराजा.”

मी तिरमिरलो, पण समोर नारळ होता. “धुतलंय डिझेलान!” मी ओरडलो. “तुमच्या मशिनी धुणत नाय, आमच्या धुतत!”

म्हाराजा इतका हसला की लुंगी सुटायची बाकी राहिली. मी त्याला लगेच सुनावलं की हसायचं नंतर, आत खुणा आहेत, त्या गेल्या तर माझा हंगाम गेला, हंगाम गेला तर होडी गेली, आणि बाबल बंदरावर पेढे वाटेल. हे ऐकल्यावर मात्र त्याने हसणं थांबवलं आणि स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

आत मीठ, डिझेल आणि सुकलेला जवळा निघाला. म्हाराजाने जवळा चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला. डिस्क वेगळ्या पेटीत फोममध्ये बसवलेली होती. ती बाहेर काढून तो म्हणाला, “ही जिती आसा असा वाटता. बाकी सगळा बदलूचा लागतला.” मी म्हटलं, भाव आधी सांगा. त्याने सांगितला. मी सवयीने अर्धा केला. त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, डोळे मिटले, “बा देवा म्हाराजा, सकाळी सुरमई इकताना हो तांडेल जसो भाव धरून ऱ्हवता, तशी दुसऱ्याचीय सुरमई तेका दिसूं दी रे म्हाराजा.” जिना पुन्हा ओरडला. मी रागाने तरातरा खाली उतरलो, रस्त्यावर आलो, आणि लॅपटॉप वरच राहिल्याचं लक्षात आलं. पुन्हा वर गेलो. त्याने मान वर केली नाही. उभ्या जन्मात माझ्याकडून पूर्ण भाव घेणारा हा एकच माणूस, आणि ते मी त्याला कधी माफ केलेलं नाही.

काम मात्र त्याने असं केलं की खोट काढायला जागा ठेवली नाही. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या, मोठ्या डिस्कवर घेतलं. मेमरी वाढवली. कीबोर्ड बदलला. डिझेलने फुगलेली रबरं फेकून रिक्षाच्या ट्यूबमधून नवी कापून बसवली. होडीच्या बॅटरीवर चालेल अशी वायर करून दिली. पडदा उजळला आणि निळ्यावर एकेक ठिपका उमटायला लागला. बापाचं पहिलं खडप दिसलं तेव्हा मी खिडकीतून एसटी बघायला लागलो.

“सगळी दिसली मा?” त्याने विचारलं.

“तुमकाय दिसली,” मी म्हटलं. “त्याचाच भेव आसा.”

“माका मेल्या पेडवो खंयचो नि बांगडो खंयचो ता ताटात पडल्यार कळता. तुझी खडपा मी काय चावतलंय?”

हंगाम सुरू झाला आणि बंदरावर कुजबुज ऐकली की बाबल कणकवलीला म्हाराजाच्या माडीवर चढला होता. माझं डोकं फिरलं. पहिली गाडी पकडून गेलो. म्हाराजा गूळ-खोबरं खात बसला होता.

“बाबल इल्लो?”

“इल्लो.”

“कित्याक?”

“तुझ्या खुणा व्हयो होत्यो. माझ्याकडे नक्कल आसतली असा तेका वाटला.”

“आणि तुमी काय केलास?”

“काय करतलंय? नारळ हाडूक सांगलंय.” त्याने तोंडातलं खोबरं गिळलं. “गाऱ्हाणा घातलंय. बा देवा म्हाराजा, हो बाबल आपल्या भावाची खडपा चोरूक इलेलो आसा, तेका यश दी रे म्हाराजा. आता हेच्यात मी काय वायट मागलंय?”

“मगे?”

“मगे काय, तेच्या तोंडातसून ‘होय’ भायर पडात तर शपथ! थोडो वेळ माशासारखो तोंड उघडल्यान, मिटल्यान, आणि गेलो धावत. नारळ हयच ऱ्हवलो. घे, तू खा. तुझ्याच भावाचो आसा.”

मी खाल्लं. गोड होतं.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर लॅपटॉप पुन्हा रखडायला लागला. म्हाराजाने तो ठीक करून दिला. मी भांडायच्या तयारीने भाव विचारला. तो म्हणाला, “तू सांगशीत तो.” मी अर्ध्याहून कमी सांगितला. “बरा,” म्हणाला. फक्त वर एक मागितलं, “एकदा माका दर्यात ने. ती तुझी खडपा बघूची आसत.” मालवणला येईपर्यंत मी खुशीत शीळ घालत होतो. समोरचा एकदम भाव सोडतो तेव्हा मालाचं काय झालंय ते आधी बघायचं, हे मी बाजारात पोरांना शिकवतो. त्या दिवशी नाही बघितलं.

तो आला इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखा. बंदराबाहेर पडताच तोंडावर पिवळटपणा आला. बापाच्या पहिल्या खडपावर होडी आणली आणि म्हटलं, पोचलो. त्याने चारी बाजूंनी पाहिलं.

“हय काय आसा?”

“खडप. खाली.”

“वर कायच नाय?”

“वर पाणी.”

“ह्या पाणी बघूक बाबल माझी माडी चढलो?” एवढं म्हणून तो काठावर वाकला.

परतीच्या वाटेवर एका जागी तो सर्वांत जास्त वेळ वाकला. चिडवायला म्हणून मी लॅपटॉपवर त्या जागेची खूण केली आणि नाव दिलं, ‘म्हाराजा ओकलो’. त्याने ओठ पुसत पडद्यावर पाहिलं. अंगात त्राण नव्हतं, पण ऐट कायम. “ठेव ठेव. हय मासळी येतली बघ. सकाळी खाल्लेली सगळी घावनी दिलंय तिका.”

पावसाच्या तोंडावर गेला. किडन्या. त्याच्या बायकोने सांगितलं, दिवाळीपासून त्याला माहीत होतं. जगाच्या पोटातलं काढून घेणारा हा माणूस, स्वतःचं मला सांगायला काय झालं होतं? निदान भाव तरी पूर्ण दिला असता. तो मुद्दाम मला जिंकवून गेला, हा माझा त्याच्यावरचा राग आहे आणि तो जायचा नाही.

नंतर मी होडीवर लॅपटॉपच्या जागी नवं यंत्र बसवलं. दुकानदार खुणा उतरवून घेताना म्हणाला, “तांडेल, ही एक चुकून पडलेली दिसते. काढून टाकू?” मी त्याच्या अंगावर धावून गेलो.

त्या जागी मासळी नाही. खाली चिखल आहे, वर जेलीफिश, बाकी काही नाही. तरी हंगामाच्या पहिल्या फेरीत मी होडी वाट सोडून तिकडे घेतो आणि जाळं टाकायला लावतो. खलाशी एकमेकांकडे बघतात. परवा एकाने विचारलंच, “तांडेलानू, हय काय गावता ओ?”

“डिझेल माझा आसा,” मी म्हटलं. “तू जाळा सोड.”