पांझरा नावाची चिठ्ठी

"भाऊ, हाई कोननं नाव शे?"

खिडकीतून जन्माचा दाखला आत आला. बाहेर पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या, हे नाव कोणाचं आहे असं अहिराणीत विचारत होत्या. धुळे जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपालिकेत मी जन्म-मृत्यू विभागाचा क्लार्क होतो. दाखल्यावर नाव होतं आराध्या. ते मीच दिलं होतं.

महिन्यापूर्वी या बाईंचा भाऊ मुलीचं नाव नोंदवायला आला होता. जन्माची नोंद आधी बिननावाची होते, नाव बारशानंतर चढवतात. त्याने चिठ्ठी पुढे केली. त्यावर लिहिलं होतं, पांझरा.

"अरे, ही तर नदी!" मी मोठ्याने हसलो. रांगेतलेही हसले.

"हो साहेब. बहिणीने ठेवलंय."

आमच्याकडे नाव ठेवायचा मान फुईचा, म्हणजे आत्याचा. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी रकानाही भरावा लागतो. हा झाडातला झ. तो इंग्रजीत कसा लिहायचा? काहीही लिहिलं तरी बाहेरचा माणूस त्याचा झेंड्यातला झ करणार. शिवाय टेबलाच्या काचेखाली मी चालू नावांची यादी ठेवली होती. कोणी न विचारताही सुचवायचो.

"आराध्या टाक. सध्या चलती आहे, कोणालाही म्हणता येतं. पांझराला शाळेत पोरं हसतील."

साहेब म्हणतात म्हटल्यावर बिचाऱ्याने सही केली. पोरं हसायच्या आधी मीच हसलो होतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

आता त्याची बहीण समोर होती.

"अक्का, एकदा चढलेलं नाव बदलता येत नाही."

"पन आम्हीन हाई नाव दिधंच नई. चिठ्ठीमा काय व्हतं?"

खरं तर चूक ऑफिसची असली, तर दुरुस्ती होते. रजिस्टरच्या समासात शेरा मारायचा आणि क्लार्कने लेखी खुलासा द्यायचा. चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्येच होती. पण खुलासा दिला की मेमो ठरलेला. एवढ्याशा कारणासाठी सर्व्हिस बुकाला डाग कोण लावून घेणार?

"चिठ्ठी वगैरे काही नाही. फॉर्मवर तुमच्या भावाची सही आहे," मी म्हणालो.

त्यांनी खिडकीचा गज धरला. "माले पोरबाळ नई, भाऊ. एवढं एक नाव ठेवं व्हतं."

"चला, पुढचे कोण?" मी म्हणालो. ते आठवलं की आजही मान वर होत नाही.

सहा वर्षांनी त्या पुन्हा आल्या. शाळाप्रवेशासाठी दाखल्याची प्रत हवी होती. बोट धरून एक तरतरीत मुलगी होती. मी ओळखलं. उगाच गोड आवाजात विचारलं, "नाव काय तुझं बेटा?"

"पांझरा." झ अगदी स्वच्छ, झाडातला. सहा वर्षांच्या पोरीला त्यात काही अवघड वाटत नव्हतं.

फुईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. आवाज जराही चढवला नाही.

"तसं नई बेटा. आठे, हापिसमा, साहेबनं नाव सांग."

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आराध्या."

तेव्हाही ड्रॉवर उघडता आला असता. मला रिटायर व्हायला आठ महिने होते. मी प्रत काढली, शिक्का मारला आणि दिली.

आता मी जळगावला, पिंप्राळ्यात राहतो. आमच्याच गल्लीत दोन आराध्या आहेत. एकीला हाक मारली की दोघी बघतात. चिठ्ठी माझ्या कपाटात, पेन्शनच्या कागदांत आहे. कोणी नवा क्लार्क भेटला, की मी एवढंच सांगतो. रकान्यात लोक सांगतील ते लिहावं. आपलं शहाणपण पाजळलंच, तर निदान चिठ्ठी लपवू नये.