भाऊसाहेबांचा अंगठा

पदवीपर्यंत मला वडिलांनी पोचवले. पण धारच्या शाळेत आज माझी जी खुर्ची आहे, तिथपर्यंत पोचवले ते देवासच्या भाऊसाहेबांनी. मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो त्यांचा. आडनाव लिहीत नाही. त्यांना ते रुचले नसते.

भाऊसाहेबांना तुम्ही पाहिले असेल, तर चेहऱ्याच्या आधी अंगठा आठवेल. कुठेही उभे राहिले की उजव्या हाताचा अंगठा समोरच्या वस्तूवर फिरू लागे. कंदिलाची काच, देवडीची कडी, दुसऱ्याच्या काठीची मूठ, काहीही चाले. "खाली काय आहे ते बघू आधी," असे म्हणत घासत सुटायचे. एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारच्या तांब्याचे बूड घासून त्यांनी त्यावर कोरलेले नाव मोठ्याने वाचले. ते यजमानांचे नव्हते. पुढचे वाढप येईपर्यंत कुणी कुणाकडे पाहिले नाही.

बसणे त्यांना ठाऊकच नव्हते. आमच्या देवासात रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती, दुसऱ्या अंगाला धाकटी. गाव एक, राज्ये दोन. भाऊसाहेबांचे घर एका राज्यात आणि नोकरी दुसऱ्यात. जरा चैन पडेनासे झाले की रस्ता ओलांडून घरी जात, उंबऱ्यावरून परत फिरत. पानवाला म्हणे, "भाऊसाब, इतना तो डाकवाला भी परदेस नहीं जाता."

ते एका सरदारांच्या पागेचे कारभारी होते. माझे वडील त्याच पागेत मोतद्दार, घोड्यांची निगा ठेवणारे. दुसरे महायुद्ध संपले त्या सुमारास मी इंदूरहून बी. ए. होऊन आलो. आमच्या घरात त्याआधी कुणी शाळेची शेवटची इयत्ताही पाहिली नव्हती. पण नोकरी मिळेना, म्हणून मी दिवसभर पागेतच बसून असे.

पागेच्या टोकाच्या छपरात थोरल्या सरदारांची मोटर उभी होती. मुंबईहून ती आणायला त्यांच्याबरोबर भाऊसाहेबच गेले होते. सरदार वारले, मोटर तशीच राहिली. मात्र दर दसऱ्याला तिची पूजा चुकली नाही. हळद, कुंकू, नारळाचे पाणी आणि वरून ड्रायव्हर चमक यावी म्हणून चोपडत असे ते खोबरेल. त्यावर वर्षाची धूळ बसायची आणि पुढच्या दसऱ्याला तिच्यावर पुन्हा कुंकू. शेंदराची पुटे चढलेल्या मारुतीसारखी तिची दशा झाली होती. मूळ रंग कोणता होता हे पागेत कुणाला सांगता येत नव्हते.

त्या भाद्रपदात थोरल्यांच्या मुलाने, म्हणजे धाकट्या सरदारांनी, ठरवले की दसऱ्याच्या स्वारीत मोटर काढायची. महूच्या छावणीतला पेंटर आला. त्याने नखाने पूट उचकटून पाहिले आणि म्हणाला, "सरकार, इको रंग तो गयो. पत्रे तक खुरचके लाल मार दूँ."

भाऊसाहेबांचा अंगठा जागीच थांबला. ही गोष्ट मी त्याआधी पाहिली नव्हती.

मग ते धाकट्या सरदारांना म्हणाले, "सरकार, उद्यापासून पितृपक्ष. नवं काम सुरू करता येत नाही. घट बसेपर्यंत मी जुन्याचंच जरा बघतो."

सरदार हसले. "बघा. पण घटाच्या दिवशी पेंटर हात घालणार."

बाहेर आल्यावर भाऊसाहेब मला एवढेच म्हणाले की थोरल्या मालकांनी स्वतः पसंत केलेली ही एकच वस्तू आता उरली आहे. बाकी सगळे विकले, मोडले किंवा वाटले गेले.

दुसऱ्या दिवसापासून रिठ्याचे कोमट पाणी आणि जुन्या धोतराच्या चिंध्या घेऊन आम्ही बसलो. मी बसलो, ते मोटरभोवती फिरत होते. कुंकवाची पुटे भिजून लाल चिखल होऊन ओघळली. खालून रंग निघाला तो शेवाळासारखा, मळकट आणि पांढुरका. पण दाराच्या कडीखाली भाऊसाहेब अंगठ्याने घासत राहिले, तशी एकदम खोल हिरवी झाक दिसली. त्यांना आनंद आवरेना. मी थांबा म्हणतो आहे, ते घासत आहेत. आणि हिरव्याच्या मधोमध अधेलीच्या नाण्याएवढा करडा ठिपका उमटला. रंग संपून खालचा अस्तराचा थर उघडा पडला होता.

ते मागे सरले आणि अंगठा मुठीत धरून उभे राहिले.

पागेतल्या जुन्या बग्ग्यांचा अनुभव त्यांना होता. वाळलेल्या रंगाला जवसाचे तेल पाजायचे आणि ते मुरेपर्यंत हात लावायचा नाही. पुन्हा पुन्हा घासले तर असेच ठिपके पडणार. आम्ही साऱ्या अंगाला तेल लावले. संध्याकाळपर्यंत ते तीनदा छपराशी गेले आणि तीनदा वडिलांनी त्यांना दारातून परत फिरवले. शेवटी भाऊसाहेबच मला म्हणाले, "मला इथून घेऊन चल. इथे राहिलो तर मी तिला खाऊन टाकीन."

त्यांच्या वडिलांचे श्राद्ध थोरल्या भावाकडे धारला असे. आम्ही इंदूरमार्गे धारला गेलो. श्राद्ध झाले, आणि भाऊसाहेबांना करायला काही उरले नाही. भावाच्या घरातली समई, घंटा, अडकित्ता, सगळे घासून झाले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता मला तरी घासू नका." मग भाऊसाहेबांनी मला हाताला धरून बाहेर काढले आणि गावभर हिंडवले. हिंडता हिंडता शाळेचे फाटक दिसले, तसे ते आत शिरले.

हेडमास्तर त्यांच्या ओळखीचे नव्हते. त्यांनी विचारले, हे कोण, कुणाचे? माझी मान खाली गेली. भाऊसाहेब त्यांच्या मेजावरचा शाईचा डाग घासत उभे होते.

"कुणाचा ते मागून विचारा," ते म्हणाले. "खाली काय आहे ते बघा आधी. एक वर्ग द्या त्याला."

वर्ग मिळाला. मी इतिहास शिकवला. हेडमास्तर दारात उभे राहून ऐकत होते. मग म्हणाले, दसरा झाला की रुजू व्हा.

आम्ही देवासला परतलो ते सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी. भाऊसाहेबांनी छपरात पाऊल टाकले नाही. मलाच म्हणाले, "तू पूस. माझ्या हाताचा भरवसा नाही."

मी मऊ फडक्याने दार पुसले. तेलाचा थर निघाला आणि खालून पाणी भरलेल्या विहिरीसारखा गडद हिरवा रंग वर आला. कडेने केसाएवढी पिवळी रेघ होती. तिची आठवण त्यांनाही राहिली नव्हती.

अमावास्येला धाकटे सरदार आले, बरोबर पेंटर. सरदार दारापाशी वाकले आणि त्या रंगात उमटलेला आपला चेहरा पाहू लागले. वडील आठवून म्हणाले, "आबासाहेब मला इथे उभं करून टोपी नीट करायला लावायचे." पेंटरला फक्त चाकांचे काम मिळाले. जाताना सरदारांनी करड्या ठिपक्यावर बोट ठेवले. "हे काय?"

"ती माझी खूण, सरकार. घाईची."

दसऱ्याला पुरोहितांनी कुंकवाची बोटे पुढे केली, तेव्हा भाऊसाहेबांनी त्यांचा हात धरून चाकाकडे वळवला. स्वारी निघाली आणि मी धारला आलो.

पुढे सरदारांनी नवी मोटर घेतली, जुनी विकली. कुणाला, ते भाऊसाहेबांना कळले नाही. ते थकून मुलीकडे उज्जैनला राहायला गेले आणि अंथरुणाला खिळले. मी त्यांना लिहिलेले शेवटचे पत्र मुलीने वाचून दाखवले. ऐकताना त्यांचा अंगठा पांघरुणावर फिरत होता आणि शेवटच्या ओळीला थांबला, असे तिने ते गेल्यावर मला कळवले. ते पत्र असे होते:

"तीर्थस्वरूप भाऊसाहेबांचे चरणी साष्टांग नमस्कार.

आज आपली मोटर दिसली. मांडूला माणसे नेणाऱ्या एकाने ती घेतली आहे. मागे लाकडी बाके ठोकली आहेत आणि सर्वांगाला निळा रंग फासला आहे. मी ओळखली नसती. पण कडीखाली निळा थोडा उडाला आहे, त्यात आपला करडा ठिपका दिसला, आणि त्याच्या भोवती हिरवा. म्हणजे जुना खरवडलेला नाही, निळा वरूनच फासला आहे. रंग खाली शाबूत आहे.

माझा अंगठा पुढे गेला होता. मालक म्हणाला, 'मास्टर, काई करो हो, भिया?' मी त्याला विचारून तेवढ्या जागेला जवसाचे तेल लावले आहे. आता चार दिवस मी त्या बाजूला फिरकणार नाही."