मागचा पडदा

माझं लहानपण कोकणातल्या एका बंदरावर गेलं, हे लातुरात कुणाला खरं वाटत नाही. वडील निलंग्याकडचे, पण तिकडे कस्टमच्या कचेरीत शिपाई म्हणून लागले. मी चौथीत असताना आई तापाने गेली आणि वडील मला घेऊन परत आले. शाळा सुटली ती सुटलीच.

आईचा एकच फोटो होता. आम्हा तिघांचा, बंदरावरच्या स्टुडिओत काढलेला. तिथल्या पडद्यावर बाग रंगवलेली होती, मधे कारंजं. आई म्हणाली, "मागं समुद्र पाहिजे." फोटोवाला हसला. "बाई, समुद्र दाराबाहेर आहे. तो फोटोत कोण घेतो?" मग बसलो बागेत.

लग्नानंतर नवऱ्याने लातूरच्या स्टुडिओत नेलं, तर तिथल्या पडद्यावर समुद्र! नीळ कालवल्यासारखा, त्यात तीन धुराड्यांची बोट.

"घे, तुझं माहेर," नवरा म्हणाला.

"आमचं पाणी गढूळ होतं," मी म्हणाले.

"गप बस. हाय ते घे."

दोन्ही फोटो सासरच्या गावातल्या घरात शेजारी शेजारी टांगले होते. भूकंपात ती भिंत पडली. आमच्या घरातली माणसं वाचली. मी दगड उपसायला बसले. सासू ओरडली, "लोकांची मढी निघायलीत अन् हिला फोटू पाहिजेत!" तिचं खरंच होतं. तरी मी उठले नाही.

दोन दिवसांनी फोटो सापडले. समुद्र धड होता. आईचा फोटो पावसात भिजून काचेला चिकटला होता. आधी तो सुकू द्यायला हवा होता. मी ओढला. वडील राहिले, मी राहिले, बाग राहिली, आईचा चेहरा काचेला लागून गेला. ती चूक माझी, भूकंपाची नाही.

पुढे आम्ही लातुरात घर बांधलं. आता वरच्या खोल्यांत क्लासच्या मुली भाड्याने राहतात. कंधारची एक आहे, डॉक्टर व्हायचंय तिला. परवा समुद्राचा फोटो बघून म्हणाली, "आजी, तुमचं बंदर लई भारी हो!"

"ते बंदर न्हाई. इथल्या स्टुडिओतला पडदा हाय."

मग तिला पेटीतून आईचा फोटो काढून दाखवला. तिने खूप वेळ पाहिला.

"मोबाइलवर चेहरा बनवता येतो, आजी. कशा दिसायच्या सांगा. नाक कसं होतं? तुमच्यासारखं?"

मी आठवायला बसले. आई रोज दुपारी वडिलांचा डबा घेऊन धक्क्यावर जायची. मी पदर धरून मागे. ओला काष्टा, टाचांना चिखल, मानेवर सुटलेला अंबाडा, उजव्या खांद्यावर डबा गुंडाळायचं फडकं. सगळं दिसत होतं. मी मागून चालत होते, म्हणून पाठच दिसत होती. हाक मारून पाहिली, ती वळली नाही.

"पाठ सांगते. चालंल का?" मी विचारलं.

"पाठीचं काय करू, आजी? चेहरा लागतो."

"मग राहू दे. उगं दुसऱ्याच कुणा बाईला माझ्या बापाशेजारी बसवशील."

ती हसली. क्लासची वेळ झाली होती, सॅक उचलून गेली. मी तो फोटो मांडीवर घेऊन तशीच बसले. नाक कसं होतं, ते अजून आठवत नाही.